जुन्या बार्नच्या फळ्यांची जमीन: आठ दिवस घरात ठेवल्या की बसवायला घेता येतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाडलेल्या एका बार्नच्या ४५० चौरस फूट फळ्या तुम्ही आणल्यात. ओक आणि पाईन मिसळलेलं, रुंदी ४ ते १० इंच, काही फळ्या राखाडी पडलेल्या. खोली १५ बाय २२ फुटांची, खाली काँक्रीट. सुतार म्हणतो, आठ दिवस घरात ठेवू, काँक्रीटवर थेट गोंदाने चिकटवू आणि मशीन फिरवून गुळगुळीत करून देऊ. हे बरोबर आहे का?

तिन्ही गोष्टींना माझं उत्तर ‘नाही’ आहे. सुतार चांगला असेलही, पण तो नवीन लाकडाच्या हिशोबाने बोलतोय. जुनं लाकूड बसवण्याचं काम पहिला खिळा ठोकण्याच्या बरंच आधी सुरू होतं, आणि तिथे चुकलं तर पुढे कितीही सफाईदार हात असला तरी उपयोग नसतो.

आधी ढिगाकडे बघू. बार्न म्हणजे गुरं, गवत, धान्य, अवजारं सगळं एका छपराखाली ठेवायची शेतावरची इमारत. तिच्यात लाकूड कुठे होतं यावर ते जमिनीला चालेल की नाही हे ठरतं. बाहेरच्या भिंतींच्या फळ्या उन्हापावसाने राखाडी होतात. ती राखाडी छटा लोकांना फार आवडते, पण ती वरच्या वर असते. तिथले तंतू सुटून मऊ झालेले असतात, चालून चालून ते कुसळासारखे उभे राहतात आणि पायात जातात. अशा फळ्या भिंतीला लावा. जमिनीला चांगलं लाकूड मिळतं ते माळ्याच्या तक्तपोशीचं, मळणीच्या ओट्याच्या जाड फळ्यांचं आणि तुळया चिरून काढलेलं. त्यातही तुळयांचं सगळ्यात उत्तम, कारण त्या दाट रानात सावकाश वाढलेल्या झाडांच्या असतात. फळीचं टोक स्वच्छ कापून वर्षवलयं मोजून बघा, एका इंचात पंधरा-वीस वलयं सहज सापडतात. लागवडीच्या जलद वाढलेल्या पाईनमध्ये इंचाला चार-पाचच दिसतात.

ढिगात ओकसारखी दिसणारी पण हाताला हलकी लागणारी एखादी फळी सापडली तर ती बाजूला ठेवा. ती अमेरिकन चेस्टनट असू शकते. १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये या झाडांवर बुरशीचा रोग आढळला आणि पुढच्या चारेक दशकांत अब्जावधी झाडं गेली. आज ते लाकूड मिळतं ते बहुतेक असंच, जुन्या इमारती पाडताना. ओक आणि चेस्टनट ओळखायची सोपी खूण म्हणजे आडव्या कापलेल्या टोकाला ओकमध्ये गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या ठळक रेघा दिसतात, चेस्टनटमध्ये त्या डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाहीत.

आता काय फेकायचं ते. डांबरासारखा वास मारणारी, काळपट चिकट फळी घरात आणायचीच नाही, ते क्रिओसोट असतं, लाकूड कुजू नये म्हणून लावलेलं डांबरी औषध. हिरवट झाक असलेलं, दाबाखाली औषध मुरवलेलं लाकूडही नको, त्यात आर्सेनिक असू शकतं. ते जाळायचंही नाही. गुरांच्या दावणीखालच्या फळ्यांत मूत्र वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. कोरड्या दिवसांत वास येत नाही, हवा दमट झाली की घरभर गोठा. मी अशा फळीवर ओलं फडकं टाकून तासाभराने नाक लावतो, शंका आली तर बाद. जुना रंग असेल तर त्यात शिसं आहे असं धरूनच चाला. अमेरिकेत घरगुती रंगांत शिशावर बंदी आली ती १९७८ मध्ये, आणि तुमचं लाकूड त्याच्या बरंच आधीचं असणार. असा रंग कोरडा घासायचा नाही, त्याची धूळ मुलांच्या मेंदूवर परिणाम करते. तपासणी करून घ्या, नाहीतर त्या फळ्या सोडून द्या.

ढीग साफ करतानाही मास्क हवा, आणि तोही नुसता रुमाल बांधून नाही. उंदरांच्या लेंड्या, पक्ष्यांची आणि वटवाघळांची विष्ठा वाळून त्या धुळीत मिसळलेली असते, आणि त्यातून फुप्फुसाचे गंभीर आजार होतात. फळ्यांवर हलकं पाणी फवारून, उघड्यावर, ओल्या ब्रशने घासा. कोरडा झाडू मारू नका.

किडीचं म्हणाल तर जुनी छिद्रं असणं हा दोष नाही, चालू कीड असणं हा दोष आहे. फळ्या काळ्या कागदावर ठेवून दोन-तीन आठवडे थांबा. कागदावर टाल्कम पावडरसारखा मऊ, फिकट भुसा पडला तर आत कोणीतरी अजून जेवतंय. मुंगीएवढी छिद्रं पाडणारा हा भुंगेरा ओकच्या बाहेरच्या पांढऱ्या, कोवळ्या लाकडात राहतो, गाभ्यात सहसा जात नाही. यावर खात्रीचा उपाय लाकूड तापवून वाळवायच्या भट्टीचा. लाकडी खोकी आणि पॅलेट परदेशी पाठवण्यासाठी जो आंतरराष्ट्रीय नियम आहे, त्यात लाकडाच्या मध्यभागी ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं राहायला हवं असं म्हटलंय. भट्टीवाल्याला तेच सांगा, आणि ‘मध्यभागी’ हा शब्द दोनदा सांगा. भट्टीत घातल्याचा दुसरा फायदा ओलाव्याचा, आणि आता त्याबद्दलच बोलू, कारण तुमच्या प्रश्नाची खरी गाठ तिथेच आहे.

लाकूड कधीच ‘वाळून संपत’ नाही. शंभर वर्षं जुनी फळीसुद्धा भोवतालच्या हवेशी ओलाव्याची देवाणघेवाण करतच असते. हवेत सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकूड साधारण ९ टक्के ओलाव्यावर स्थिरावतं, ७० टक्क्यांना १३ वर, ८० टक्क्यांना १६ वर, आणि ३० टक्के कोरड्या हवेत ६ वर. उघड्या बार्नमध्ये किंवा ताडपत्रीखाली राहिलेली फळी १३ ते १६ च्या दरम्यान असते. तुमच्या घरात ती हळूहळू ९ कडे येणार. लांबीत ती जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटते. ओकची आडवी चिरलेली फळी ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्यामागे रुंदीच्या साधारण ०.३७ टक्के आटते. हिशोब करा: ६ इंची फळी, ओलावा ४ टक्क्यांनी उतरला, तर ती पाऊण सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) अरुंद झाली. एका फळीला हे काहीच नाही. पण तुमच्या १५ फूट रुंदीत अशा ३० फळ्या बसतात. म्हणजे एकूण अडीच इंचांहून जास्त जागा फटींमध्ये वाटली जाणार. उलट बाजूने, फार कोरडं लाकूड दमट घरात घट्ट बसवलं तर तेवढ्याच जोराने ते भिंती ढकलतं आणि मधून उचलतं.

हे मी स्वतःच्या पैशाने शिकलोय. सुरुवातीच्या एका कामात ओकच्या फळ्या खोलीत दहा दिवस ठेवल्या, ओलावा मोजायचा मीटर टेकवला, ९ दाखवलं, खूश होऊन बसवल्या. मीटरच्या पिना फक्त वरच्या पातळ थरात गेल्या होत्या. पहिला कोरडा मोसम आला आणि घरमालकांनी बोलावलं. त्यांनी काही न बोलता स्टीलची मोजपट्टी दोन फळ्यांच्या मध्ये उभी धरली, ती जिभेपर्यंत, म्हणजे शेजारच्या फळीच्या खाचेत बसणाऱ्या कडेपर्यंत, खाली गेली. मी उरलेल्या फळ्यांतली एक त्यांच्याच अंगणात मधोमध कापली आणि ताज्या कापावर, बरोबर मध्यात पिना रुतवल्या: १३. बाहेरून ९, आतून १३. अर्धी खोली उपटून पुन्हा बसवावी लागली.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. ढिगातल्या दहा-बारा फळ्या निवडायच्या, टोकापासून निदान फूटभर आत कापायच्या, कारण टोकं आधी वाळतात आणि खोटं सांगतात. ताज्या कापाच्या मध्यावर मोजायचं. मीटरमध्ये लाकडाची जात निवडायची सोय असते, ती बदला, ओकचं माप पाईनवर चालत नाही. मग फळ्यांखाली जो प्लाय घालायचा (त्याचं पुढे सांगतो) त्याचा ओलावा मोजायचा. ३ इंच किंवा त्याहून रुंद फळीसाठी दोन्हींतला फरक २ टक्क्यांच्या आत हवा, अरुंद पट्ट्यांना ४ पर्यंत चालतो. तुमच्या फळ्या ४ ते १० इंची, म्हणजे तुम्हाला २ चाच नियम. ‘आठ दिवस’ किंवा ‘महिना’ हे उत्तरच नाही. आकडा सलग दोन आठवडे हलला नाही की लाकूड तयार.

तोपर्यंत त्या फळ्या खोलीत नुसत्या थप्पी लावून ठेवायच्या नाहीत. प्रत्येक थरामध्ये दीड-दोन फुटांवर एकसारख्या जाडीच्या पट्ट्या, एकावर एक सरळ रेषेत, म्हणजे हवा खेळेल आणि फळी पट्ट्यांच्या मध्ये झोळ घेणार नाही. आणि खोली राहती असायला हवी. गिलावा ओला, खिडक्या बसायच्या बाकी, रंगकाम चालू, अशा खोलीत लाकूड आणून ठेवणं म्हणजे वाळवायला म्हणून धोब्याच्या हौदात टाकणं.

खिळ्यांबद्दल. प्रत्येक फळीवरून धातू शोधक दोन्ही बाजूंनी फिरवा, आणि आवाज आला तिथे खडूने गोल करा. डोकं दिसत असेल तर मागून सुंब्याने हलकेच ठोकून वर आणायचं आणि जंबूराने ओढायचं. तुटून आत राहिलेला असेल तर त्याच्याभोवती पोकळ ड्रिलने भोक पाडून भोवतालच्या लाकडासकट काढायचा आणि लाकडी गुडदी बसवायची. एक खिळा सुटला की रंधा मशीनची पाती गेली, आणि पुढच्या प्रत्येक फळीवर लांबच लांब ओरखडा उमटत जातो. कातलेले चौकोनी खिळे निघाले तर एका डबीत जपून ठेवा. असे खिळे साधारण १८०० ते १८९० या काळातले, गोल तारेचे त्यानंतरचे, म्हणजे बार्नच्या वयाचा अंदाज येतो. ओकमध्ये खिळ्याभोवती निळा-काळा डाग असतो, तो लोखंड आणि लाकडातल्या टॅनिनचा. घासून जात नाही, आणि जाऊही देऊ नका. तोच तर पुरावा आहे.

मग येतं मशीनचं काम, आणि ‘गुळगुळीत करून देऊ’ याला माझा विरोध इथे आहे. नवीन ओक गुळगुळीत करून मिळतोच की. तुम्ही पैसे दिलेत ते वरच्या दोन मिलिमीटरसाठी: जुन्या करवतीच्या आडव्या खुणा, झिजलेल्या कडा, वर्षानुवर्षं जमलेला तो मधासारखा रंग. मोठं ड्रम मशीन एकदा फिरलं की खाली निघतं ते नवं कोरं लाकूड. म्हणून जाडी सारखी करायची ती मागच्या बाजूने रंधून. वरची बाजू तशीच, फक्त उभे राहिलेले तंतू नायलॉनच्या ब्रशने काढायचे. मग कडा सरळ करायच्या, एका कडेला जीभ, दुसरीला खाच, आणि मागे लांबीच्या दिशेने दोन-तीन उथळ खाचा, म्हणजे फळी वाटीसारखी वाकायचा जोर कमी होतो. तयार जाडी पाऊण इंच ठेवा. जीभ आणि खाच वरच्या पृष्ठभागापासून मोजून कापायची, खालून नाही, नाहीतर शेजारच्या फळ्यांना पायरी येते. हे करणाऱ्या कारखान्याला आधी विचारा की जुनं लाकूड घेता का. बरेच जण खिळ्याच्या भीतीने घेत नाहीत, आणि त्यांचं चुकत नाही.

यात लाकूड किती जातं? ६ इंची फळी कडा सरळ करून, जीभ काढून सव्वापाच इंच दिसते. म्हणजे आठवा हिस्सा इथेच गेला, ४५० चे ३९४ झाले. कुजकी टोकं, पिळलेल्या फळ्या, फुटलेल्या गाठी यात आणखी दहा-पंधरा टक्के जातात. उरले ३४० च्या आसपास. खोली ३३० ची. राखाडी फळ्या बाजूला काढल्यात तर तुम्हाला कमी पडेल. आत्ताच त्याच ठिकाणाहून आणखी ५०-६० चौरस फूट उचला, नंतर तसं लाकूड मिळत नाही.

काँक्रीटचा मुद्दा. रुंद, जुनं, थोडा पीळ असलेलं लाकूड नुसत्या गोंदावर थेट चिकटवू नका. पीळ असलेली फळी गोंद पकडेपर्यंत थांबत नाही, एक कोपरा उचलतेच. आधी काँक्रीटची ओल बघा. दीड फुटी चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने बंद करून निदान १६ तास ठेवा. खाली दव दिसलं किंवा काँक्रीट काळपट झालं तर काम थांबवा. काहीच दिसलं नाही म्हणजे कोरडंच असं मात्र नाही. पक्की तपासणी म्हणजे स्लॅबमध्ये भोक पाडून आत प्रोब सोडून आर्द्रता मोजणं. लाकडासाठी साधारण ७५ टक्क्यांच्या खाली हवी. नवीन स्लॅब इंचभर जाडीमागे महिनाभर तरी वाळू द्यावा लागतो.

सपाटी तपासा: १० फुटी सरळ पट्टी फिरवली तर खाली दीड सुताहून जास्त फट नको. उंचवटे घासा, खळगे भरून घ्या. मग १५० मायक्रॉनचं प्लॅस्टिक, जोडावर सहा इंच चढवून. त्यावर अर्ध्या इंची प्लायचे दोन थर, एकमेकांच्या आडव्या दिशेने, पानांमध्ये एक सूत फट ठेवून, आणि दोन थर एकमेकांना स्क्रूने बांधलेले, काँक्रीटला नाही. स्क्रू वरच्या प्लायमधून खालच्या प्लायमध्ये संपायला हवा. तसंच फळी ठोकायच्या क्लीट, म्हणजे जमिनीच्या फळ्यांसाठीचे खास खिळे, दीड इंचीच घ्या. सवयीने दोन इंची घेतल्या तर त्या खालचं प्लॅस्टिक फोडतात, आणि मग ते घातलं काय नि न घातलं काय. हे सगळं मिळून जमीन पावणेदोन इंचांनी वर येते. दरवाजे, उंबरठे, पायरी आत्ताच मोजा. कामाच्या शेवटी दार उघडत नाही हे कळणं फार त्रासदायक असतं.

बसवताना पहिला अख्खा दिवस काहीही ठोकू नका. सगळ्या फळ्या जमिनीवर नुसत्या मांडा. रुंदीनुसार गट करा, कारण एका ओळीत सगळ्या फळ्या एकाच रुंदीच्या लागतात. मग ओळींच्या रुंदी आलटूनपालटून ठेवा: १०, ६, ८, ४, अशा. ओक आणि पाईन एकाच खोलीत मिसळू नका असं मी सांगेन. पाईन मऊ असतं, वर्षभराने तेवढ्याच फळ्यांना टाचांचे खड्डे पडतात. पाईन दुसऱ्या खोलीला वापरा, आणि मिसळावंच लागलं तर ते भिंतीलगत, पलंगाखाली येईल असं बघा. शेजारच्या ओळींतले जोड निदान फळीच्या रुंदीच्या तिप्पट अंतरावर हवेत. लांब फळ्या दारातून दिसतील तिथे, आखूड कपाटाखाली. मांडून झालं की दारात उभं राहून बघा, मग खिडकीकडून बघा. एखादी गाठ डोळ्यात खुपते ती आत्ताच हलवता येते.

सुरुवात सगळ्यात लांब सरळ भिंतीपासून, पण भिंतीवर भरवसा ठेवून नाही. रंगाची दोरी मारून रेषा घ्या आणि पहिली ओळ त्या रेषेला लावा. भिंतीपासून चारी बाजूंनी पाऊण इंच जागा मोकळी, ती पुढे स्कर्टिंगखाली झाकली जाते. पहिली आणि शेवटची ओळ वरून ठोकावी लागते, तिथे आधी बारीक भोक पाडा, जुना ओक कडेला लगेच चिरतो. बाकी सगळं जिभेतून तिरकं. दर ६ ते ८ इंचांवर एक क्लीट, टोकापासून दोन-तीन इंच आत. ५ इंचांहून रुंद फळीला नुसत्या क्लीट पुरत नाहीत, पाठीमागे लवचीक पॉलियुरेथेन गोंदाची नागमोडी धार द्या. वाकडी फळी असेल तर पटाशी प्लायमध्ये रोवून ढकला, जोडीदाराने त्याच क्षणी ठोकायचं. फारच जोर लावावा लागला तर ती फळी कापून आखूड करा. जबरदस्तीने बसवलेली फळी पुढे आवाज करते.

भेगा आणि खिळ्यांची भोकं किती भरायची हा आवडीचा प्रश्न. मी बोटाला लागेल किंवा टाच अडकेल तेवढीच भरतो, काळ्या रंगाच्या इपॉक्सीने. लाकडाच्या रंगाचं पुट्टी भरलं की ते वर्षभरात वेगळंच दिसायला लागतं, काळं मात्र सावलीसारखं दिसतं. हलणाऱ्या गाठींत पातळ इपॉक्सी सोडा. फळ्यांमधले सांधे भरू नका, ते लाकडाला हलायला ठेवलेले आहेत.

शेवटी हाताच्या गोल सँडरने १०० नंबरचा कागद, तोही हलक्या हाताने, फक्त पायाला लागणारं काढण्यापुरता. वर हार्डवॅक्स तेलाचे, म्हणजे तेल आणि मेणाच्या मिश्रणाचे, दोन पातळ हात. चकाकणारं पॉलियुरेथेन मी जुन्या लाकडावर देत नाही. ते खडबडीत पृष्ठभागावर प्लॅस्टिकसारखं दिसतं, आणि एक फळी खराब झाली तर पूर्ण खोली घासावी लागते. तेलाचं तेवढीच जागा पुसून दुरुस्त होतं. तेलाची फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेतं. मोकळ्या हवेत सपाट पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका. आठवडाभर सतरंजी टाकू नका, सामान उचलून ठेवा, ओढू नका.

पहिल्या वर्षात कोरड्या दिवसांत केसभर फटी दिसतील आणि दमट दिवसांत बंद होतील. तेवढं चालायचंच, लगेच कोणाला बोलावू नका. घरातली आर्द्रता ३५ ते ५५ टक्क्यांत राहिली तर बरं. पुसताना फडकं घट्ट पिळून घ्या, वाफेचा मॉप अजिबात नको. आणि उरलेल्या फळ्यांतल्या आठ-दहा त्याच खोलीत, पलंगाखाली ठेवून द्या, गच्चीवर किंवा गॅरेजमध्ये नाही. कधी एखादी बदलावी लागली तर ती शेजारणीइतकीच वाळलेली आणि तेवढीच पिकलेली असेल.